रिकाम्या कुंडीला पाणी

सोमवार, ४ फेब्रुवारी

जेडच्या झाडाला कीड लागली! पांढरी, कापसासारखी, पानांच्या बेचक्यांत दडी मारून बसलेली. लांबून वाटलं धूळ असेल. धूळ कसली, चिकट चिकट झालंय सगळं. आता हेच तेवढं राहिलं होतं.

सोमवारी चष्म्यांचं दुकान बंद, म्हणून माझी सुट्टी. सुट्टी म्हणजे चादरी, नानांची आंघोळ, औषधांचे डबे भरणं, आणि आज हे. नानांच्या भुवईसाठी आणलेलं स्पिरिट होतं, तेच कापसाच्या काडीवर घेऊन एकेक बेचकं पुसत बसले. एकोणीस वर्षांचं झाड, खोड माझ्या मनगटाएवढं. बेचकी काय संपतात!

झाड सासूबाईंचं. जाताना त्यांनी दोन गोष्टी माझ्यावर सोपवल्या, हे झाड आणि नाना. झाडाला महिन्यातून दोनदा पाणी घातलं की भागतं. सासऱ्यांचं तसं नसतं.

नाना खुर्चीतून बघत होते. म्हटलं, "काय नाना, सुटलं का झाड?" म्हणाले, "हो." अर्धांगाचा झटका आल्याला चौदा महिने झाले. हो आणि नको, एवढे दोनच शब्द धड उरलेत. कधी तिसरा निघतो, पण त्याला घाम फुटेपर्यंत कष्ट.

बुधवार, ६ फेब्रुवारी

त्या संस्थेला फोन केला शेवटी. वृद्धाश्रम हा शब्द अजून तोंडातून निघत नाही.

नंबर यांनी पाठवून तीन आठवडे झाले. हे तिकडे जहाजावर. घरी यायला सहा महिने लागतात, नंबर पाठवायला दोन मिनिटं! सकाळी मी फोन केला तर कुणी उचलला नाही. मग नानांची अर्धी दाढी झाली असताना संस्थेचाच उलटा फोन आला. हात साबणाने भरलेले, म्हणून नानांच्या पुढ्यातच स्पीकर लावला.

तिथल्या बाई बोलायला चांगल्या. "जागा आहे हो आमच्याकडे. फक्त चालते हवेत. स्वतःच्या पायांनी दहा पावलं तरी. उचलायला माणसं नाहीत ना आमच्याकडे." मी सांगितलं, उजवी बाजू गेलीय, धरून उभं करावं लागतं. "मग नाही घेता येणार, ताई. दहा पावलं टाकायला लागले की कळवा. लगेच घेऊ."

टाकतायत दहा पावलं! जानेवारीत एकटे उठायला गेले आणि तोंडावर आपटले. भुवईला पाच टाके. तेव्हापासून मी दमच भरलाय, मला विचारल्याशिवाय उठायचं नाही म्हणजे नाही. व्यायाम शिकवणारे डॉक्टरही यायचे थांबले. म्हणाले, आता आहे ते असंच राहील.

उरलेली अर्धी दाढी केली. कुठे कापलं नाही. मग बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि रडले. मला नाना नकोत असं नाही. मला सलग सहा तास झोप हवी आहे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, पण सांगायला गेलं तर एकच ऐकू येते.

शुक्रवार, ८ फेब्रुवारी

पाठ. बाकी काही लिहिण्यासारखं नाही.

मंगळवार, १२ फेब्रुवारी

कीड गेली, तर आता पानं गळायला लागली. तीन खाली पडलेली, पिवळी, लिबलिबीत. बोटात धरलं तर पचकन पाणी निघालं.

मावशींना विचारलं. मी दुकानात असते तेवढा वेळ त्या नानांजवळ असतात. म्हणाल्या, "ऊन लागलं असेल, ताई." जेडला ऊन लागलं तर पानांच्या कडा लाल होतात, हे मला सासूबाईंनी दहा वेळा ऐकवलेलं आहे. पण वाद घालायचं त्राण नव्हतं. घरात शिरल्यावर मला पहिली दहा मिनिटं कुणाशी बोलायचंच नसतं.

आणि नानांचे मोजे तळाला काळेकुट्ट! खुर्चीत बसलेल्या माणसाचे मोजे इतके मळतात म्हणजे खुर्चीखालची फरशी कशी असेल? उद्या बोललं पाहिजे मावशींना. उद्या.

शनिवार, १६ फेब्रुवारी

आज अकरा पानं.

दुकानात ते नर्सरीवाले आले होते, चष्म्याची दांडी मोडली म्हणून. दर चार महिन्यांनी मोडतात, कानावर ठेवून झोपतात वाटतं. मी आधीच दोन पानं चष्म्याच्या डबीत घालून पर्समध्ये ठेवली होती. डबी उघडून काउंटरवर ठेवली. ते हसले. "डोळे तपासायला आणलीत का यांना?"

मग पान दाबलं आणि गंभीर झाले. "पाणी जास्त होतंय."

"पंधरा दिवसांतून एकदा घालते हो. तेसुद्धा माती कोरडी ठणठणीत झाली तरच."

"मग दुसरं कुणीतरी घालतंय. तहानलेलं पान सुरकुततं, असं मऊ पडत नाही. तहानेचं काही वाटायचं नाही, एका पाण्यात सावरतं. हे बरं नाही. बोट घालून बघा मातीत, दोन पेरं आतपर्यंत. आणि खोड दाबून बघा."

दांडी बसवून दिली. आमचे मालक समोरून बघत होते, मी कुणाच्या नजरेचा नंबर काढतेय म्हणून.

सोमवार, १८ फेब्रुवारी

बोट घातलं. चिखल! खालच्या बशीत पाणी साचलेलं. मी शेवटचं पाणी घातलं ते जानेवारीत.

बशी ओतून टाकली. कुंडीवर चिठ्ठी चिकटवली, मोठ्या अक्षरांत — पाणी घालू नये. नानांना वाचून दाखवली, उगीच. त्यांनी खाली मान घातली.

गुरुवार, २१ फेब्रुवारी

चिठ्ठी ओली. चिठ्ठीसुद्धा!

"मावशी, पाणी तुम्ही घालता का?" त्या एकदम नानांकडे बघायला लागल्या. मग म्हणाल्या, "हो. घातलं असेल चुकून." मी म्हटलं, चुकून रोज? वर्षभर या बाईने नानांना एक ओरखडा येऊ दिला नाही, घास भरवताना कधी तोंड वाकडं केलं नाही, आणि एवढी साधी गोष्ट कळू नये? मला एकटीला किती ठिकाणी लक्ष ठेवायचं?

खोड खालून मऊ लागतंय.

रविवार, २४ फेब्रुवारी

झाड कुंडीतून काढलं. वर्तमानपत्र पसरून जमिनीवर बसले, नाना वरून बघतायत. वास आला, नासक्या बटाट्याचा. मुळं काळी, ओढली की साल हातात. नर्सरीवाल्यांनी फोनवर सांगितलं होतं तसं सुरीचं पातं स्पिरिटने पुसून घेतलं आणि काळं तेवढं कापत गेले. कापते, बघते, आत अजून काळं. पुन्हा कापते. शेवटी पांढरं लागलं तेव्हा मुळं म्हणून चार दोरे उरले होते. दोन चांगल्या फांद्याही कापून ठेवल्या, खोड गेलंच तर तेवढं तरी राहील.

आता आठवडाभर उघडं ठेवायचं. कापलेलं सुकून खपली धरली पाहिजे, मगच मातीत. ओलं लावलं की पुन्हा सडलं. झाड कपाटावर कागदावर आडवं ठेवलंय. जाड वाळू, विटांचे खडे आणि थोडं खत असं नवं मिश्रण कुंडीत भरून कुंडी खिडकीत जागच्या जागी. कोरडी खडखडीत.

यांचा फोन आला. सगळं सांगितलं. म्हणाले, "अगं टाकून दे ना, दुसरं आण." मी म्हटलं, बरं. ह्यांना स्वतःच्या आईचं झाड ओळखू येत नाही, मी कशाला घसा कोरडा करू? मग विचारलं, "त्या संस्थेचं काय झालं?" म्हटलं, नाही घेत. "का?" सांगितलं का ते. "अरेरे," म्हणाले. आणि मग तिकडच्या हवेबद्दल बोलले.

मंगळवार, २६ फेब्रुवारी

रिकाम्या कुंडीला पाणी!!

झाड कपाटावर, कुंडीत नुसती वाळू आणि विटा. आणि ती ओली! बशीत पाणी! मी दोनदा बोट घालून पाहिलं. माझंच डोकं फिरलंय का, असं वाटलं क्षणभर.

मग फिरलंच. मावशींना नको नको ते बोलले. "डोळे आहेत का तुम्हाला? झाड कुठाय यात? मातीला अंघोळ घालता?" त्या म्हणाल्या, "हाताला सवय झालीय, ताई." सवय! मी म्हटलं, "तुमच्या सवयीने माझ्या सासूबाईंचं झाड गेलं. उद्यापासून येऊ नका."

नाना खुर्चीचा हात धरून जोरजोरात "नको, नको" करायला लागले. तोंडातून लाळ. मी त्यांच्यावरही ओरडले. मावशी चपला घालून गेल्या, डबा तसाच ओट्यावर राहिला.

शांत वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

बुधवार, २७ फेब्रुवारी

रजा. मालक म्हणाले, एकच दिवस.

नानांनी सकाळपासून तोंड उघडलं नाही. भात नको, दूध नको, औषध नको. दुपारी मी चमचा खाली ठेवला आणि म्हटलं, "माझा जीव घ्यायचाय का?" ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांचे डोळे भरले होते. माझेही भरले असते, पण कपडे वाळत घालायचे होते.

गुरुवार, २८ फेब्रुवारी

मालकांना पुन्हा फोन करून आजचाही दिवस मागून घेतला, आवाजातच कळलं किती आवडलं ते. आणि दहा वाजता मावशी आल्या. डबा न्यायला. दारातच उभ्या.

मी डबा आणून दिला. त्या निघेनात. म्हणाल्या, "नाना जेवले का?" मी म्हटलं, कालपासून नाही. तशा त्या आत बघून हळूच म्हणाल्या, "ताई, शब्द दिला होता म्हणून गप्प होते. पाणी मी नाही घातलं. नाना घालतात."

"काहीतरीच काय!"

"चालतात ते. खुर्चीपासून खिडकीपर्यंत. तीन आठवडे झाले. मी मागे हात धरून असते, अंगाला लावत नाही. तुम्ही उठू देत नाही ना, पडल्यापासून. एक दिवस तुम्ही दुकानात गेल्यावर आपले आपण उठायलाच लागले. मी नको नको म्हटलं तर हात जोडले त्यांनी मला. दोन्ही. तो उजवा डाव्याने उचलून जोडला हो! मग मी काय करणार? नुसतं चालायला अवघडतात, म्हणून मी म्हटलं, अर्धा कप पाणी घ्या, झाडाला घालून या. दिवसातून चार वेळा जातात. कप रिकामा केल्याशिवाय मागे फिरत नाहीत. झाड काढलं तरी काय, चालायचं तिथवरच ना. सहा-सात पावलं होतात. परवा नऊ झाली. मग दम लागतो."

मी पायरीवरच बसले. मोजे! आणि मी फरशीला नावं ठेवत होते.

मावशींचे दोन्ही हात धरले. काय बोलले आठवत नाही, माफी मागितली एवढं नक्की. त्या म्हणाल्या, "त्यांना कळू देऊ नका मी सांगितलं. पुरतं जमलं की तुम्हाला दाखवणार आहेत." आत गेल्या, नानांना भरवलं. दोन वाट्या भात खाल्ला!

शुक्रवार, १ मार्च

नाना चालतात! दिवसभर दुकानात लोकांच्या डोळ्यांवर काचा चढवताना तेवढंच डोक्यात. मालकांनी विचारलं, लॉटरी लागली का?

यांना फोन केला. नाना चालतात म्हणून सांगितलं. पलीकडून नाक ओढलेलं ऐकू आलं.

डॉक्टर म्हणाले होते, आता असंच राहील. असंच! म्हातारा हट्टाला पेटला आणि उठला. आता काठी आणू, मग बाथरूमपर्यंत जातील, मग मला उचलावं लागणार नाही, मग पाठ... किती दिवसांनी पुढचं काही डोक्यात आलं.

सोमवार, ४ मार्च

जेडची जखम सुकली. कोरड्या मिश्रणात लावलं, दुसऱ्या कुंडीत, स्वयंपाकघराच्या खिडकीत. अजून आठ दिवस पाण्याचा थेंब नाही. दोन फांद्या वेगळ्या डब्यांत. जगेल की नाही, माहीत नाही. हलवून बघायचं नाही म्हणे, मी दोनदा हलवलं.

जुनी रिकामी कुंडी नानांच्या खिडकीत तशीच ठेवली. बशी रोज संध्याकाळी गुपचूप ओतते. नाना माझ्याकडे चोरून बघतात, मी माहीत नसल्यासारखी चादर झटकते. या घरात इतकी मजा कधी आली होती?

रविवार, १० मार्च

आज नानांनी मलाच खुर्चीसमोर बसवलं, हाताने खूण करून. उठले. मी जागची हलले नाही, ओठ चावून बसले. कप डाव्या हातात, उजवा पाय फरपटत. खिडकीपाशी पोचले, पाणी ओतलं. मी टाळ्या वाजवल्या, खुळ्यासारख्या, मोठ्यांदा.

ते हसले नाहीत. खिडकीतला माझा फोन उचलला, भिंतीला टेकत टेकत परत आले आणि लाव अशी खूण करून माझ्या हातात दिला. घामाने डबडबले होते. म्हणाले,

"दहा. आता... घेतील."