सुपारीआधी एक जपानी पिक्चर

मंगळ. ३ फेब्रु.
रविवारी सुपारी फोडायचीच म्हणून मामा हटून बसलाय. आजऱ्याचं स्थळ, घरचा काजूचा कारखाना, मुलगा निर्व्यसनी. अमर नाव. बघायला आले तेव्हा आम्हा दोघांना गच्चीवर पाठवलं, तिथं निम्मा वेळ त्यानं काजू कसा भाजतात ते सांगितलं. वाईट नाही वाटला. पण होय म्हणायला जीभ उचलत नाही.
शेवटी आज मेसेज केला. माझा एक आवडता जपानी पिक्चर आहे, तो बघा, मग सांगते. लिंक पाठवली.

बुध. ४
निळ्या खुणा आल्यात, उत्तर नाही. शाहूपुरीत दुकानात दिवसभर फोनच बघत होते. एका काकांना भलत्याच नंबरचा चष्मा देऊन बसले, मालक ओरडले.
आईला कळलं. "पिक्चर दाखवून लगीन ठरवतात व्हय गं? आणि त्यो बी जपानी?"
तिला काय सांगू. एक इस्त्रीवाली आणि एक बोटीवरचा तिकीट तपासणारा. घडत काहीच नाही. बाकावर बसून तो संत्रं सोलतो, फोडींवरचे पांढरे दोरे एकेक करून काढतो, फोडी तिच्या रुमालावर ठेवतो. बोलत नाहीत. मी दरवेळी रडते. माझ्यासाठी कुणी इतकं निवांत बसेल का, एवढंच बघायचंय मला. जास्त मागतेय का?

गुरु. ५
आलं उत्तर! "बघितला. भारी हाय. शेवटी त्यो परत येतो ते आवडलं."
जीव भांड्यात पडला. मग खटकलं. तो परत येत नाही. त्याची बदली होते, न सांगता जातो, पिक्चर संपतो.
विचारलं, संत्र्याचा सीन कसा वाटला?
"संत्री कुठं होती?"
फोन लावला. खोदून विचारल्यावर कबूल झाला. जपानी कळेना, खालचं इंग्रजी वाचेपर्यंत पुढं जातंय, म्हणून यूट्यूबवर कुणीतरी हिंदीत गोष्ट सांगितलीय ती ऐकली. जेवता जेवता. त्या बाबानं शेवटही मनानंच लावलाय.
"बरं" म्हणून फोन ठेवला.

शुक्र. ६
मामा सकाळीच हजर. पेढ्यांची ऑर्डर देऊन आलाय. "पावण्यांना काय कळवू?" दुकानाला उशीर होतोय म्हणून मी चपला घातल्या.
एका व्हिडिओवरून माणूस मोडीत काढायचा? पण जन्मभर 'थोडक्यात सांग' म्हणणारा निघाला तर... जेवण गेलं नाही. आईही जेवली नाही, ते अजून वाईट.

शनि. ७
दुपारी त्याचा व्हॉइस मेसेज, मागं कारखान्यातल्या मशीनचा आवाज.
"काल अख्खा बघितला. थांबवून थांबवून वाचला. खरं सांगू? मला त्या माणसाचा राग आला. एवढी आवडतीय ती, तर तोंडानं सांगायला काय झालतं? ती बिचारी वाट बघत बसली. मी असला न्हाय. तुम्ही आवडलाय मला. गच्चीवरच सांगायचं होतं, पण काजूचंच बोलत बसलो. तुमचं काय ते सांगा. नको असलं तरी चालंल, पण सांगा की."
दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन परत परत ऐकला. इतकी वर्षं तो पिक्चर बघतेय, त्या माणसाचा राग मला एकदाही आला नाही. का नाही आला?
घरी आल्यावर आई म्हणाली, "काय म्हणतोय आजरेकर?"
सगळं सांगून टाकलं त्यानं, म्हटलं.
"आणि तू?"
खोलीत येऊन बसलेय. भीती वाटतेय, खरंच वाटतेय. 'होय' लिहिलं, खोडलं. 'थोडं थांबा' लिहिलं, तेही खोडलं. त्याला तिकडं मघापासून 'टायपिंग' दिसत असणार.