मोजून घ्यायचं विष

३ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

लिहायचं कारण एकच. मधमाशी चावून तू बेशुद्ध पडलास, आणि हे मला तुझ्याकडून नव्हे, भावजयीकडून कळलं. तिने वेळेवर मांडीत इंजेक्शन टोचलं म्हणून तू आहेस. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं होतं की तुझं शरीर हल्ली माशीच्या विषाला बिचकून नको इतकं खवळतं. तेच विष कणाकणाने, दर आठवड्याला वाढवत दिलं की ते शांत राहायला शिकतं. मग दवाखान्यात जाणं का सोडलंस? हंगामाची सबब नको. मधमाश्यांची पहिली पेटी मीच पहिल्या पगारातून आणून दिली होती. आता तिचाच राग येतो.

उलट टपाली खरं काय ते लिही.

तुझी ताई

११ मार्च

ती. ताईस सा. न.

तुझं पत्र उभ्यानेच वाचलं, वर्गात असल्यासारखं. सबब नाही, अतिशहाणपणा नडला. वाटलं, बाटलीतलं विष टोचून घ्यायला शहरात कशाला जायचं? घरी ताजं आहे. दर सोमवारी दवाखान्याच्या नावाने निघायचो आणि पेट्यांमागे बसून एक माशी मनगटावर चावून घ्यायचो. आधी हात नुसता सुजला, म्हणून जमतंय असं वाटलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की सुरुवातीचा डोस माशीच्या एका डंखाच्या कितीतरी पटीने कमी असतो, आणि माशी काही मोजून चावत नाही. आता उपचार पुन्हा पहिल्यापासून. काही वर्षं चालतील. तोवर पेट्यांजवळ फिरकायचं नाही.

ताई, सकाळी उठून करू काय? पेट्या देऊन टाकायचं ठरवलंय, पण माझ्याने व्हायचं नाही. तू ये.

माया आहेच, ती राहू दे.

तुझा धाकटा

२ एप्रिल

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

सुखरूप घरी पोचले. तुझ्या पेट्या नेल्या ती फळबागवाली चांगली बाई आहे. झाकणं उघडून तिने विचारलं की कुठल्या पेटीतली राणी म्हातारी झाली आहे. मला सांगता येईना. तू बंद खिडकीआड पाठ करून बसला होतास, म्हणून हाक मारली नाही. मारायला हवी होती. काचेआडून बोट तरी दाखवलं असतंस. ते राहून गेलं, याचं वाईट वाटतं.

सोमवार चुकवलास तर मुक्कामाला येईन, हे भावजयीलाही सांग.

जिवाला जप, एवढंच मागणं.

तुझी ताई

ता. क. फळबागवालीच्या हवाली केलं ते असं: माश्यांसह पेट्या नऊ, धूर द्यायचा डबा एक, जाळीची टोपी एक, मध काढायचं यंत्र एक. हातमोजे तिने मागितले. घरात कधी नव्हतेच; तू उघड्या हातांनीच काम करायचास.