राळेचा मलम

माय,

१. धाकटीच्या तळहातांना भेगा पडल्या. भाकरी थापताना त्यांतून रक्त आलं.
२. तिच्या सासूनं ते पाहिलं आणि तिला पाथरीला आपल्याकडे आणून सोडलं. ‘हात नीट झाले तर नेऊ, न्हाई तर आमी दुसरी बघू,’ असं उंबऱ्यातूनच सांगून गेली.
३. मी दवाखान्यातला जस्ताचा मलम लावला. उपयोग झाला नाही.
४. मग तुझा राळेचा मलम दोनदा केला. दोन्ही वेळा बिघडला.

हैदराबादेला औषधं बनवायला शिकताना आम्हाला असंच लिहायला लावत. आधी घडलं ते, मग आपलं म्हणणं. माझं म्हणणं असं, की तुझ्या मलमात काय पडतं ते मला ठाऊक आहे. तिळाचं तेल, राळेची पूड, थोडं मेण; मग परातीत गार पाण्याबरोबर तळहातानं फेटत राहायचं, पांढरं होईतो. कापूर शेवटी, कारण तो उष्णतेनं उडून जातो. राळेचं उलटं. तेल चांगलं तापल्याशिवाय ती विरघळत नाही, आणि फार तापलं तर करपते. किती तापवायचं, तेवढंच मला माहीत नाही.

स्वयंपाकघरातून तुला सवड मिळायची ती फक्त बाहेरची बसलीस की. मलम खायचा नसतो, म्हणून त्याला विटाळ नाही, असं आजीनं ठरवून दिलं होतं. परसात गोठ्याच्या भिंतीशी तू दगडांची चूल मांडतेस, कढई चढवतेस, आणि परकरातली मी पेरूच्या झाडापाशी उभी आहे. पाऊल पुढं टाकलं की तू म्हणतेस, ‘शिवशील. तिथूनच बघ.’

‘इथून कढईतलं काय दिसायलंय?’

‘मग नको बघू. तुला कुठं मलम विकायला बसायचंय?’

तू हसतेस. चिमूटभर राळ टाकतेस, कढईवर वाकतेस, मान हलवतेस, थांबतेस. पुन्हा चिमूट टाकतेस, आणि लगेच सगळी पूड ओततेस. त्या दोन चिमटींच्या मधे तेलात काय बदललं, ते तुझ्या पाठीआड राहिलं. पुढं मला जवळ येऊ द्यायला तू राहिली नाहीस.

पहिल्या वेळी मी तेल कमी तापवलं. धाकटी हात चोळत म्हणाली, ‘आक्का, वाळू लावायलीस का मला?’ दुसऱ्या वेळी थर्मामीटर घेऊन बसले, तर राळ काळी पडली. ‘राहू दे,’ ती म्हणाली, ‘दुसरी आली तर भाकरी तरी तीच थापील.’ मला हसू आलं नाही. आमच्या किताबेत राळेचा आकडा नाही. दिवसभर दवाखान्यात मलम घोटायचे आणि घरी येऊन पुन्हा तेच; दंड भरून येतात. आता एका घाण्यापुरती राळ उरली आहे. पुन्हा कधी येईल, ते दुकानदारालाही सांगता येत नाही.

हे पत्र मी कुठं टाकणार नाही. एक मात्र सांगते. धाकटीला मी सांगितलंय, की जायच्या आधी तू मला सगळं शिकवून गेलीस. तेव्हापासून ती निवांत झोपते. पुनवेनंतर तिचा दीर हात बघायला येईल. भेगा भरायला थोडे दिवस हवेत, म्हणून गुरुवारी कढई चढवावीच लागेल. तेलात काय बघायचं, ते बुधवारपर्यंत कळव.