सहा वाजताचं गाणं आणि माझा अंगठा

बँकॉक, रविवार

ती. पिकुलताईस धाकट्या चालेमचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? लांपांगला थंडी पडली असेल, पायांत मोजे घालत जा. हे पत्र आणणाऱ्याला आधी पाणी दे, मग वाचायला बस.

ताई, काल मी हुआलाम्फोंग स्टेशनावर गेलो होतो. लांबच्या गाड्या आता दुसरीकडून सुटतात, म्हटलं म्हातारं कसं आहे बघून यावं. अगं, तेच कमानीचं छप्पर, तेच मोठं घड्याळ! तू मास्तरीण म्हणून लांपांगला निघालीस तेव्हा याच घड्याळाखाली वर्तमानपत्रं पसरून आपण अठरा माणसं चिकट भात खात बसलो होतो (जाणार होतीस तू एकटी). आई दर पाच मिनिटांनी तुला शेवटचं म्हणून मिठी मारायची. आणि तू दाराकडे बघत होतीस. थवी येणार होता. आला नाही, असं मी तुला पत्रातून कळवलं होतं. पन्नास वर्षं झाली त्याला.

ताई, तो आला होता.

तुला डब्यात बसवून आम्ही खिडकीशी गर्दी केली, आणि मी पाणी आणायला मागे फिरलो. तेवढ्यात थवी धावत आला, हातात हा एवढा, फणसासारखा काटेरी ड्युरियन. "चालेम, कुठला डबा?" मी बोट दाखवणार, तोच सहा वाजले आणि रोजच्यासारखं भोंग्यावर राष्ट्रगीत सुरू झालं. सगळं स्टेशन जागच्या जागी ताठ. हमाल, भिक्षू, भजीवाली, सगळे. हात सरळ ठेवायचे म्हणून थवीने ड्युरियन घाईघाईने खाली ठेवला. माझ्या पायावर. (मी चपला घातल्या होत्या, तेही लक्षात घे.) राष्ट्रगीत चालू असताना ओरडणार कसं? मी काट्यांसकट ताठ उभा राहिलो. डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि शेजारच्या आजी कौतुकाने बघतायत की पोरगा किती देशभक्त.

गाणं संपलं, शिटी झाली. थवीने पळायचं सोडून खाली बघितलं. "अरे, रक्त येतंय!" म्हणून स्वतःचा नवा रुमाल माझ्या अंगठ्याला बांधत बसला. गाठ बसेपर्यंत तुझा डबा फलाटाबाहेर गेला होता. मला इतका राग आला होता, अंगठ्याचा आणि त्याचाही, की तो आलाच नाही असं मी तुला लिहून टाकलं. तू लग्न केलं नाहीस तेव्हा ते खरं सांगायची माझी छाती झाली नाही. मला माफ कर, ताई.

आणि काल घड्याळाखाली बाकावर कोण बसलं होतं सांग! डोक्यावर एक केस नाही, पण माझा पाय बघून लगेच म्हणाला, "अंगठा बरा आहे का रे?" मी भर स्टेशनात रडलो.

तुझा अपराधी भाऊ,
चालेम

ता.क. थवीनेही लग्न केलेलं नाही. विचारलं नव्हतं, त्यानेच तीनदा सांगितलं.

ता.ता.क. हे पत्र मी पोस्टात टाकलेलं नाही. पाणी दिलंस ना त्याला? मग आता बस म्हण. कुणी सांगितल्याशिवाय तो जागचा हलत नाही, हे तुला आता कळलंच आहे. आणि पिशवीत काय आहे ते त्याला जमिनीवर ठेवू देऊ नकोस, तू मोजे घातले नसशील.