बरं, मग?

नेवासे,
ता. ९ डिसेंबर १९४४

चि. सौ. रतन हिला अक्काचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे. थंडी मरणाची पडली आहे आणि रॉकेल मिळत नाही, म्हणून दिवस मावळायच्या आत लिहून उरकते. हे पत्र टपालात टाकत नाही. टपालातलं तुझ्या आधी दुसऱ्याच्या हाती पडतं. शेजारच्या गनीभाईंच्या मेहताबभाभी तुमच्या केडगावलाच माहेरी चालल्या आहेत, त्या तुला विहिरीवर गाठून देतील. घाबरू नकोस, तुझी छबू धडधाकट आहे. हुरडा खाऊन खाऊन गाल वर आलेत पोरीचे.

उन्हाळ्यात तिला माझ्याकडे धाडलीस तेव्हा लिहिलं होतंस, "पोर बोलत नाही, अक्का. तुझ्या शाळेत बसव, शिकली तर शिकली." बोलत नाही म्हणजे अगदीच नाही गं! मीठ हवं असलं तर बरणीकडे बघत बसायची. माझी जीभ तुला ठाऊकच आहे. मी आपली दोघींच्या वाटणीचं बोलत होते.

शाळेत तरी काय वेगळं होतं म्हणा. पावसाळ्यात डिपोटीसाहेब तपासणीला आले. मुलींनी कविता धडाधड म्हटल्या. साहेबांनी आमच्या भागूला सहज विचारलं, "आज काय जेवलीस?" तर तिने भोकाडच पसरलं. पाठ केलेलं नव्हतं ना ते! मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. ह्या पोरी उद्या सासरी जातील, तिथे ह्यांना उत्तरं कोण पाठ करून देणार?

म्हणून शनिवारी शाळा सुटायच्या आधी मी सोंगांचा खेळ काढला. पाठांतर नाही, आधी ठरवणं नाही. पाट मांडायचा, डोक्याला काहीतरी गुंडाळायचं, की झालीस तू माळीण, नाहीतर पाटील, नाहीतर म्हैस. नियम एकच. समोरची काहीही म्हणो, तिला 'नाही' म्हणायचं नाही. 'बरं, मग?' म्हणायचं आणि पुढे बोलू द्यायचं. कोणी अडखळली तर साऱ्या वर्गाने विचारायचं, "बरं, मग?" मोठ्या बाई नाक मुरडतात. "शाळेत हा काय तमाशा?" म्हणाल्या. मी म्हटलं, "बरं, मग?" तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. पण त्याच भागूने परवा बाजारात कोथिंबिरीवरून अशी घासाघीस केली की भाजीवाली हात जोडायला लागली.

छबू आपली खिडकीशी बसून बघायची. मी तिला कधी ओढून पुढे आणलं नाही. गेल्या शनिवारी मात्र आपणहून उठली. शिपायाचं उपरणं खुंटीला होतं, ते डोक्याला बांधलं आणि पाटावर मांडी घालून बसली. मेहताबभाभींची गौहर तिची बायको झाली. तिने खोटीखोटी भाकरी वाढली. छबूने ताटाला हात लावला आणि रतन, तुझ्या लेकीचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

"गार हाय! मानूस रानातनं मरून येतंय, अन् तू गार भाकर घालती व्हय?"

एक अक्षर अडलं नाही. वर्ग खदखदून हसला. मीही हसले, टाळी वाजवायला हात उचलले. तेवढ्यात तिने ते खोटं ताट भिंतीवर फेकलं आणि हात उगारून गौहरच्या अंगावर धावून गेली. गौहर भेदरली, पण पोर नियमाला पक्की. डोळे मिटून म्हणाली, "बरं, मग?"

छबूचा हात तसाच वर राहिला. उगारलेल्या हाताला तसं कोणी विचारलेलं तिने कधी ऐकलंच नसणार. तिने उपरणं सोडलं आणि हळू आवाजात म्हणाली, "मग काई न्हाई. मग आई भिताडाकडं तोंड करून बसती."

पोरी घरी गेल्या तरी मी फळा पुसत राहिले. फळ्यावर काही लिहिलेलंच नव्हतं.

तुझी पत्रं मला तोंडपाठ आहेत गं. "इकडील सर्व क्षेम. तव्याचा चटका बसला होता, आता बरा आहे." "ओट्यावरून पाय घसरला, काळजी नसावी." मला वाटायचं, लहानपणापासूनच धांदरट आहेस.

परवा तुझ्या यजमानांचं, सहादेवरावांचं, कार्ड आलं. पोर मुकी ती मुकीच राहणार, शाळा कशाला? संक्रांतीला येऊन घेऊन जातो, घरी भाकरी थापील. छबूला मी सांगणार नव्हते, पण कार्ड तिने वाचलं. वाचायला मीच शिकवलं, आता कोणाला बोलू?

आज पुन्हा सोंगांचा तास होता. छबू पुढे आली. उपरण्याकडे तिने बघितलंही नाही. डोक्यावर पदर घेतल्यासारखं करून खाली बसली. "मी आई हाय." गौहरने उपरणं बांधलं आणि मागच्यासारखीच ओरडली, "गार हाय!" छबू भिंतीकडे तोंड करून बसली. मग साऱ्या पोरी एका सुरात म्हणाल्या, "बरं, मग?"

छबू उठली. खोटंखोटं गाठोडं बांधलं. गौहरला म्हणाली, "तवा चुलीवर हाय. तुमची तुमी थापा." आणि वर्गातून चालत माझ्या टेबलापाशी आली. "अक्का, मी आले."

एवढी तोंडाळ मी, तिला नुसतं पोटाशी धरलं. रडले गं मी, पोरींसमोर. तर त्या मलाच विचारू लागल्या, "बाई, बरं, मग?"

मग हे पत्र लिहायला बसले. छबूला मी संक्रांतीला देणार नाही, हे सहादेवरावांना तोंडावर सांगेन. मेहताबभाभी पुढच्या शुक्रवारी परत निघतील. त्यांच्या सोबतीने तू ये. माझ्या दोन खोल्या आहेत, पगार आहे. लोक काय म्हणतील, म्हणशील. मी विधवा झाल्यापासून लोकांचं ऐकते आहे, काही मेले नाही.

मला ठाऊक आहे, तू भाभींच्या हाती चिठ्ठी देशील: "अक्का, इकडील सर्व क्षेम." मी वाचीन, छबूही वाचील. आणि आम्ही दोघी तुला एवढंच विचारू,

बरं, मग?

वाट बघणारी,
अक्का