कान ठीक

पवनी,
२० जुलै

प्रिय अंजू,

माझं पत्र पाहून तुला नवल वाटेल. रोज सकाळी फुलांचे फोटो पाठवणारी रत्ना आज कागद घेऊन का बसली, असं म्हणशील. हे सांगायला मी तुला दोनदा फोन लावला आणि दोन्ही वेळा तुझ्या सासूबाईंच्या गुडघ्याची चौकशी करून ठेवून दिला. गेले पाच आठवडे मी सुन्न आहे. शाळांच्या भेटी चालू आहेत, अहवाल जातात, घरी भात शिजतो; पण कुणी मागून हाक मारली आणि मला ऐकू आली, की अंगावर काटा येतो. का, ते पुढे कळेल.

आसगावची रिता तुला आठवणार नाही. दोन वर्षांपूर्वी नववीत ती माझ्या विशेष मुलांच्या यादीत आली, तेव्हा मलाही कुठे आठवली होती? वडील नाहीत, आई विमलाबाई लोकांच्या बांध्यांत भाताच्या रोवणीला जाते. बोलणं जड, अर्धे शब्द तोंडातच राहायचे. कागदावर ‘मतिमंद’ आणि खाली प्रमाणपत्राचा शिक्का. अशा मुलांचं शाळा संपल्यावर काय होतं, ते आपण दोघींनी पाहिलंय. दहावीपर्यंत नाव पटावर असतं, मग ती ओसरीत बसतात ती कायमचीच. हिला तसं बसू द्यायचं नाही, असं मी मनाशी पक्कं केलं. बुधवार-शनिवार तिच्यासाठी ठेवले. एसटीची पाटी वाचणं, पोस्टातला फॉर्म भरणं, दवाखान्यात आपलं दुखणं आपण सांगणं, असं एकेक घेत गेलो. सहा महिन्यांत ती आसगावहून पवनीला एकटी यायला लागली. जमलं नाही ते फक्त फोनवर बोलणं. मी शेजारच्या खोलीतून फोन लावायची. ती तो कानाला धरून उभी राहायची आणि मग पडेल चेहऱ्यानं खाली ठेवायची. कंडक्टरनं मागून विचारलं तर उत्तर द्यायची नाही. मी वहीत लिहिलं, ‘अनोळखी माणसांना घाबरते, सराव हवा.’ अंजू, दोन वर्षं मी हेच वाक्य लिहीत होते.

आणखी एक गोष्ट मी पाहिली आणि सोडून दिली. ती घरांचे नकाशे काढायची. शाळेच्या व्हरांड्यात पावलं टाकून लांबी मोजायची आणि वहीत खोल्या, दारं, खिडक्या अगदी प्रमाणात मांडायची. मी कौतुकानं पाठ थोपटली आणि दहावीला तिच्यासाठी सवलतीचा अर्ज भरला. गणिताऐवजी सोपं अंकगणित. तिला त्रास नको म्हणून. मे महिन्यात ती पास झाली तेव्हा मी पेढे वाटले. भंडाऱ्याला द्रोण-पत्रावळी करण्याच्या एका कार्यशाळेत तिची जागाही ठरवून ठेवली. मला फार अभिमान वाटत होता ग.

तिला अठरा पूर्ण झाली म्हणून प्रमाणपत्र नवीन करायचं होतं. जूनमध्ये मी, रिता आणि विमलाबाई भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात तपासणीला गेलो. चाचणी घेणारी मानसतज्ज्ञ मुलगी तरुण होती. तिला सर्दी झालेली, तोंडावर मास्क. तिनं नाव विचारलं, गाव विचारलं. रिता नुसती बघत राहिली. मी नेहमीप्रमाणे तिच्या वतीनं उत्तरं द्यायला लागले. तेवढ्यात त्या मुलीला शिंक आली, तिनं मास्क खाली ओढला आणि बोलता बोलता पुढचा प्रश्न तसाच विचारला. रितानं पटकन उत्तर दिलं. त्याच्या पुढचंही दिलं. ती मुलगी थबकली. उठली, रिताच्या मागे गेली आणि टेबलावरचा स्टीलचा पेला फरशीवर टाकला. विमलाबाई दचकल्या, मी दचकले. रिता समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत शांत बसली होती.

“हिचे कान कधी तपासले होते?” तिनं मला विचारलं.

शेजारच्याच खोलीत कानांची तपासणी झाली. दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येतं, बहुतेक लहानपणापासून. बुद्धीची चाचणी लिहून आणि खुणांनी घेतली, ती मुलगी तासभर बसली. बुद्धीत काहीही कमी नाही. अठरा वर्षांची ही पोर आमची तोंडं वाचून जगत होती, आणि तोंड दिसलं नाही की आम्ही तिला मतिमंद म्हणत होतो. कानात ऐकण्याची मशीन घालून पाहिली तेव्हा ती वर पंख्याकडे बघत राहिली. मिनिटभरात कळ आल्यासारखा चेहरा करून तिनं ती काढली. इतक्या वर्षांनंतर मशीन घातली की सगळं ठीक होतं असं नाही, वेळ लागेल, असं त्यांनी समजावलं. मी रिताला लिहून विचारलं, ऐकू येत नाही हे तू कधी सांगितलं का नाहीस?

“मले वाटे, सारेच तोंड पाहून आयकतेत,” ती म्हणाली.

बाहेर बाकावर विमलाबाई माझ्या शेजारी बसल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “आवाज देला तरी येत नाई म्हणून मी तिले मारलं, मॅडम. लय मारलं.” मी त्यांचा हात धरला. धरायला नको होता, असं आता वाटतं. कारण घरी येऊन रिताची जुनी फाईल उघडली, आणि सगळ्यात खालच्या कागदावर मला आपल्या दोघींच्या सह्या दिसल्या.

लाखांदूरचं ते मुलांच्या तपासणीचं शिबिर, २०१४ सालचं. आपण तेव्हा एका खोलीत राहायचो, एका डब्यात जेवायचो. कान तपासणारे लोक मशीन घेऊन येणार होते, ते चार वाजेपर्यंत आले नाहीत. दुसऱ्या दिवशी तुला बघायला पाहुणे येणार होते आणि पाचची गाडी चुकली असती तर तू घरी पोचली नसतीस. आपण पहिल्या आठ-दहा मुलांच्या मागे उभं राहून टाळ्या वाजवल्या. मग मीच म्हणाले, लिही सगळ्यांना ‘कान ठीक’. म्हणणारी मी होते, अंजू. ते तुझ्यावर ढकलण्यासाठी हे पत्र नाही. पुढे प्रमाणपत्र देणाऱ्यांनी आपला कागद खरा धरला, आणि सहा-सात वर्षांची पोर प्रश्नांना उत्तर देत नाही म्हणून बुद्धी कमी ठरवली. रितासाठी टाळी वाजवली होती की नाही, हे मला कितीही आठवलं तरी आठवत नाही.

तिला आयटीआयला घरांचे आराखडे काढायचं शिकायचं आहे. त्याला दहावीचं गणित लागतं, आणि ते मीच काढून घेतलं. परीक्षा मंडळाच्या कार्यालयात विचारलं. मूळ नोंद चुकीची होती असं ती करणाऱ्यांनी लिहून दिलं, तर तिला गणिताला बसवण्याचा विचार करू, म्हणाले. सोबत निवेदन जोडलं आहे. माझी सही केली आहे, तुझ्यासाठी खाली जागा सोडली आहे. तुझ्या नोकरीवर गदा येऊ शकते, माझ्याही येईल. हे न लपवता सांगते. दुसरं, त्या दिवशी एक्केचाळीस मुलं होती. एकोणीस नावं माझ्याकडच्या कागदांत सापडली, त्यांतल्या सहा जणांच्या घरी जाऊन आले. बाकीची नावं तुझ्याकडच्या वहीत असतील तर पाठव. गेल्या रविवारी आसगावला जाऊन मी मायलेकींना सगळं सांगितलं, रिताच्या समोर बसून, तोंड नीट दिसेल असं. विमलाबाई उठून आत गेल्या आणि मी निघेपर्यंत बाहेर आल्या नाहीत. रिता रागावली नाही, रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, “त्या दुसऱ्या मॅडमले माईत आहे का?” मी नाही म्हणाले. म्हणून हे पत्र.

तुझीच,
रत्ना