नीलाची वाट

४ नोव्हेंबर २००६
नव्या नोकरीसाठी उत्तरेत, नोव्हायला पोचलो. छान ऊन होतं. ऑफिसातला गुरुनाथ, मूळ नागपूरचा, एअरपोर्टवर घ्यायला आला होता. इथली थंडी बघून आठवड्यात रिटायर व्हाल काका, म्हणाला. बऱ्याच दिवसांनी हसलो. अपार्टमेंट स्वच्छ आहे. ओट्याशी उभं राहिलं की बाहेरचं दार दिसतं. बायकोला, नीलाला, आवडलं असतं. जुलैत, आधीच्या गावी मॉरिसव्हिलला, ती 'येते' म्हणून गाडी घेऊन भाजीला गेली. अपघातानंतर फ्युनरल होमवाल्यांनी शवपेटी उघडू नका असं सुचवलं. मी उघडली नाही.

७ नोव्हेंबर
काम बरं आहे. गाडीच्या डॅशबोर्डमधल्या छोट्या कॉम्प्युटरसाठी आम्ही लिनक्स तयार करतो. रोज नवं बिल्ड, म्हणजे नवी आवृत्ती, तयार होतं, त्यावर टेस्ट चालतात. बिल्ड नव्या मशीनवर हलवल्यापासून बऱ्याच टेस्ट फेल होताहेत, कारण फाइलींचे पाथ, म्हणजे पत्ते, जुन्या मशीनचेच राहिलेत. गुरुनाथच्या मते घर बदललं आणि पोस्टमनला सांगायचं राहिलं. मी एकेक पाथ दुरुस्त करतो. डोकं रिकामं राहतं. निघताना तो 'येतो काका' म्हणाला. आपल्यात 'जातो' म्हणत नाहीत.

१० नोव्हेंबर
एकच टेस्ट उरली. ती 'होम'मधल्या 'नीला' नावाच्या फोल्डरात एक फाइल शोधते. फाइलीचं नाव, रोमन अक्षरांत, 'येते'. मॅनेजर कॅरलला वाटलं स्पेलिंग चुकलंय. गुरुनाथला विचारलं, ही तुझी थट्टा का. त्याने आईची शपथ घेतली. सगळा कोड शोधला. हे नाव कुठेच लिहिलेलं नाही.

१४ नोव्हेंबर
पाथ वाढलाय. होम, नीला, मॉरिसव्हिल, चार्ल्सटन. शेवटी 'येते'. फाइल सापडली नाही.

१५ नोव्हेंबर
पुढे कोलंबस. मॉरिसव्हिलहून गाडीने इकडे यायचा हाच रस्ता. डबा तसाच परत आणला.

१६ नोव्हेंबर
टोलेडो. गुरुनाथ आता हसत नाही. यार काका, ती टेस्ट काढून टाका, उद्या रिलीज आहे, म्हणाला. काढली की संपलं. पण मग ती रस्त्यातच — पेटी उघडायला हवी होती. म्हणजे निदान कळलं असतं, काय येतंय —

१७ नोव्हेंबर
नोव्हाय. माझ्या अपार्टमेंटचा नंबर. 'येते'. सापडली नाही.

टेस्ट काढली नाही. त्या पत्त्यावर 'येते' नावाची रिकामी फाइल करून ठेवली. टेस्ट पास. कॅरल खूश. गुरुनाथ स्क्रीनकडे बघत राहिला, मग कोट घालून निघाला. 'येतो' म्हणाला नाही.

घरी आलो. अजून उजेड आहे. खाली गाडीचं दार वाजलं. जिन्यावर कुणीतरी — एक पाय ओढत —

दार नुसतं लोटून ठेवलंय. चहा टाकला. दोन कप पाणी. साखर घातली नाही, ती बिनसाखरेचाच